क्रॅमसीचा खर्च कोणी उचलायचा?

स्कॉटलंडच्या पार्लमेंटने जून २०२५ मध्ये स्कॉट्स आणि गेलिक या दोन भाषांना अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर केला. गेलिकची बाजू जगाला थोडीफार ठाऊक आहे. स्कॉट्सचे मात्र वेगळे आहे. ती इंग्रजीची सख्खी बहीण, पण इंग्रजीच्याच शेजारी राहिल्यामुळे दोनअडीचशे वर्षे तिला ‘बिघडलेली इंग्रजी’ असे हिणवले गेले, आणि ती बोलणाऱ्या मुलांना शाळेत छड्या खाव्या लागल्या. २०२२ च्या जनगणनेत सुमारे पंधरा लाख लोकांनी आपण स्कॉट्स बोलतो असे नोंदवले, आणि ५४ लाखांच्या देशात हा आकडा लहान नव्हे. कायदा झाला, दर्जा मिळाला. आता प्रश्न पैशाचा आहे. फलक, पाठ्यपुस्तके, शिक्षकांचे प्रशिक्षण, कलावंतांना मदत अशी मागण्यांची रांग लागणार, आणि त्या रांगेत सर्वांत मागे ऐतिहासिक शब्दकोश, म्हणजे शब्दांचे अर्थ तारखेसह, दाखले देऊन मांडणारा कोश, उभा राहील अशीच चिन्हे आहेत. माझे म्हणणे असे की त्याला रांगेत उभे करणेच चूक आहे. कोश हा भाषेच्या उत्सवावरचा खर्च नसून राज्याच्या दप्तराचा भाग आहे, आणि दप्तराचा खर्च ज्या खात्यातून होतो त्याच खात्यातून, त्याच नियमितपणे, कोशाचाही झाला पाहिजे.

असे विधान हवेत करण्यापेक्षा एका शब्दावर तपासलेले बरे, आणि तोही मुद्दाम असा घेतो की जो आज कोणाच्याही तोंडी नाही. क्रॅमसी. जुन्या स्कॉट्समध्ये हा कापडाच्या रंगाचा शब्द होता: गर्द तांबडा, पण शेंदराकडे न जाता गुलाबीकडे झुकणारा. रेशमाला आणि मखमलीला तो विशेषकरून लावत, आणि कधी कधी त्या रंगाच्या कापडालाच नुसते क्रॅमसी म्हणत. स्कॉटलंडच्या राजकोषाचे हिशेब १४७३ पासून शिल्लक आहेत. कोणाच्या अंगरख्यासाठी किती एल कापड आणले (एल म्हणजे स्कॉटलंडातला सुमारे ३७ इंचांचा गज), कोणत्या भावाने आणले, अस्तर कशाचे लावले, हे सारे त्यांत लिहिलेले सापडते, आणि क्रॅमसी मखमल, क्रॅमसी सॅटिन त्यांत पुन्हा पुन्हा भेटते. १५०३ साली चौथा जेम्स आपल्या इंग्लंडहून आलेल्या नवरीला, मार्गारेट ट्यूडरला, पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या अंगात याच रंगाच्या मखमलीचे, जरीच्या कापडाची किनार लावलेले जाकीट होते, असे तिच्याबरोबर आलेल्या इंग्रज दरबारी अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे.

हा रंग किड्यापासून निघे. भूमध्य समुद्राभोवती ओकची एक झुडपासारखी, काटेरी पानांची जात वाढते. तिच्या फांद्यांवर एका खवलेकिड्याच्या माद्या चिकटून बसतात आणि अंड्यांनी फुगल्या की वाटाण्याएवढ्या, तपकिरी, फळासारख्या दिसू लागतात. अंडी फुटण्याआधी त्या हाताने खुडायच्या, व्हिनेगरने मारायच्या, वाळवायच्या, मग कुटून उकळायच्या आणि तुरटीत भिजवलेल्या धाग्यावर तो रंग चढवायचा. वाळल्यावर त्या इतक्या दाण्यासारख्या दिसत की ग्रीक आणि रोमन लोक त्यांना धान्याचाच दाणा समजून तसे नाव देऊन बसले. अरबांनी या किड्याला किर्मिझ म्हटले, आणि बहुतेक व्युत्पत्तिकार या शब्दाचे मूळ फारसीच्या वाटेने संस्कृत ‘कृमिज’पर्यंत नेतात. तेथूनच फ्रेंचमधून स्कॉट्समध्ये क्रॅमसी गेला, आणि तेथूनच आपल्याकडे किरमिजी आला. पैठणीच्या दुकानात ‘किरमिजी दाखवा’ म्हणणारी बाई आणि चौथ्या जेम्सचा खजिनदार एकाच शब्दाच्या दोन टोकांना उभे आहेत, ही गंमत मला सोडवली नाही. पण माझा मुद्दा तिच्यावर उभा नाही.

मुद्दा उभा आहे तो १४५८ च्या एका कायद्यावर. त्या साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने कोणी काय नेसावे याचे नियम केले. शेतकऱ्या-मजुरांनी कामाच्या दिवशी करडा आणि पांढरा एवढाच रंग घालावा. सणाच्या दिवशी मात्र फिका निळा, हिरवा किंवा तांबडा चालेल. दुसरीकडे शहरात व्यापारावर पोट भरणाऱ्याने, तो नगराचा पदाधिकारी किंवा सभासद नसेल तर, रेशीम घालू नये आणि किमती ‘स्कार्लेट’चे झगेही घालू नयेत, त्याच्या बायकोनेही नाही. आजच्या डोळ्यांनी वाचले तर हा कायदा वेडगळ वाटतो. मजुराला तांबडे चालते आणि त्याच्याहून पैसेवाल्या व्यापाऱ्याला चालत नाही? पण मजुराचा तांबडा मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतून निघणारा, गावात रंगवता येणारा, स्वस्त. आणि स्कार्लेट हे त्या काळी मुळात रंगाचे नावच नव्हते, तर उत्तम लोकरीच्या, कातरून मऊ केलेल्या, बहुधा किड्याच्या रंगात बुडवलेल्या महागड्या कापडाचे नाव होते. कायदा रंगाला बंदी घालत नव्हता, किमतीला घालत होता. हे आपल्याला कळते ते कायद्याच्या मजकुरातून नव्हे. त्या दोन शब्दांचा त्या दशकातला अर्थ कोणीतरी शेकडो कागदांतून गोळा करून, तारीखवार लावून ठेवला म्हणून कळते. तो आधार काढून घेतला तर स्कॉटलंडच्या राज्याला स्वतःचाच कायदा वाचता येत नाही. सातबाऱ्यावरच्या जुन्या खुणा वाचणारा तलाठी गेल्यावर उतारा हातात असूनही जमीन कोणाची हे सांगता येऊ नये, तशातली ही गत आहे.

अर्थ तारखेसह लागतो, हे क्रॅमसीच्या बाबतीत तर आणखी ठळकपणे दिसते. शब्द तोच राहिला आणि खालचा किडा बदलला. १५०० च्या आधीचे इटलीतले किरमिजी रेशीम ओकवरच्या किड्याने रंगवलेले असे, तसेच आर्मेनियाकडच्या आणि पोलंडकडच्या दुसऱ्या किड्यांनीही रंगवलेले असे. १५२० नंतर स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून निवडुंगावरचा कोचिनील हा किडा आणायला सुरुवात केली. त्याच्यात रंगद्रव्य कितीतरी पटींनी जास्त, त्यामुळे शतक सरेपर्यंत त्याने युरोपातला जवळजवळ सगळा महागडा तांबडा बाजार ताब्यात घेतला. एडिंबरातला शिंपी मात्र आधीही क्रॅमसी म्हणत होता आणि नंतरही क्रॅमसीच म्हणत राहिला. आज संग्रहालयातला वस्त्रसंवर्धक मखमलीच्या तुकड्यातून काही मिलिमीटरांचा धागा काढून त्यातली आम्ले वेगळी करतो. कर्मेसिक आम्ल मिळाले तर ओकचा किडा, कार्मिनिक आम्ल प्रामुख्याने मिळाले तर कोचिनील किंवा त्याचे भाऊबंद. ही तपासणी किडा सांगते. पण हे वस्त्र हिशेबाच्या अमुक ओळीतले क्रॅमसी असू शकते की नाही, हे सांगायला प्रयोगशाळेला कोशाचे दार ठोठवावे लागते. सरकार संग्रहालयांना पैसे देते आणि प्रयोगशाळांना विद्यापीठांमार्फत देते; त्या दोघांना ज्याच्यावाचून पुढे जाता येत नाही त्या कोशाला मात्र देणगीदारांच्या तोंडाकडे बघायला लावणे, हे काटकसरीचे लक्षण नाही.

यावर एक उत्तर हमखास येते, आणि ते देणारे लोक मूर्ख नाहीत. जुने कागद आता संगणकावर आले आहेत, शोधयंत्रात शब्द टाकला की सगळे उल्लेख समोर येतात, मग मधल्या कोशकाराचे काम काय? प्रत्यक्षात काय होते ते क्रॅमसीवरच करून पाहावे. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या कारकुनाला शुद्धलेखनाचे बंधन नव्हते. क्रॅमेसी, क्रॅमसी, क्रॅमोसी, कधी दोन ‘म’, कधी एक, कधी शेवटी ‘ई’साठी एक अक्षर तर कधी दोन, अशा डझनभर रूपांत तो शब्द लिहिला गेला आहे. शोधयंत्राला जे रूप दिले तेवढेच ते आणते, आणि जे आणले नाही त्याची कल्पनाही देत नाही. ही सारी रूपे एकच शब्द आहेत, हा निर्णय कोणीतरी माणसाने, भाषा जाणून, एकेक चिठ्ठी समोर ठेवून घेतलेला असतो. आज जी यंत्रे जुनी रूपे ओळखू लागली आहेत तीही त्याच निर्णयांवर पोसलेली आहेत. दुसरी गोष्ट अशी की पन्नास उल्लेख समोर आल्यावर यातला कोणता रंगाचा, कोणता कापडाचा, कोणता नुसताच ऐटीचा, हे यंत्र सांगत नाही. आणि वाचणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

हे कोश झाले कसे, तेही पाहण्यासारखे आहे. पहिला मोठा कोश जॉन जेमिसन नावाच्या पाद्र्याने १८०८ मध्ये दोन खंडांत काढला. फॉरफर या गावात चर्चची चाकरी करताना त्याने शब्द जमवायला सुरुवात केली. आइसलँडचा विद्वान थोरकेलिन त्याला भेटला आणि ‘ही बिघडलेली इंग्रजी नव्हे, हिची मुळे स्वतंत्र आहेत’ हे त्याने जेमिसनच्या गळी उतरवले. कोश छापला तो वर्गणीदारांच्या जिवावर. पुढे डंडीचा विल्यम क्रेगी, जो ऑक्सफर्डच्या महाकोशाच्या संपादकांपैकी एक, त्याने १९१९ मध्ये जुन्या स्कॉट्सचा, म्हणजे बाराव्या शतकापासून १७०० पर्यंतचा, वेगळा कोश करण्याची कल्पना मांडली. पहिला भाग निघाला १९३१ मध्ये आणि बारावा खंड पूर्ण झाला २००२ मध्ये! १७०० नंतरच्या भाषेचा दहा खंडांचा कोश त्याला समांतर चालू होता. तो १९७६ मध्ये संपला. या दोन्हींना एकत्र करून २००४ मध्ये महाजालावर सर्वांना फुकट खुले केले गेले. सत्तर वर्षे चाललेल्या कामात किती संपादक आले आणि गेले, किती स्वयंसेवकांनी संध्याकाळी घरी बसून हस्तलिखितांतून उतारे काढले, निधीची चणचण किती वेळा गळ्याशी आली, याची मोजदाद निराळीच. एका देशाच्या भाषेचे दप्तर इतकी वर्षे वर्गण्या, विश्वस्त निधी आणि विद्यापीठांची मर्जी यांवर तगले याचा अभिमान तेथल्या लोकांना वाटतो, आणि वाटावाच. पण राज्यकर्त्यांनी त्या अभिमानाचा आधार घेऊन ‘आजवर चालले तसे पुढेही चालेल’ म्हणावे, हे मला पटत नाही. आजवर चालले हे नशीब म्हणायचे. व्यवस्था म्हणता येणार नाही.

‘कोश पूर्ण झालाच आहे, आता खर्च कशाला?’ हा प्रश्न याच्याच पाठोपाठ येतो. ज्यांनी कोशाचे काम जवळून पाहिलेले नाही त्यांना तो रास्त वाटतो. १९३० च्या दशकात छापलेल्या पहिल्या अक्षरांच्या नोंदी त्या वेळी हाताशी असलेल्या मोजक्या साधनांवर लिहिल्या गेल्या. नंतर शेकडो दस्तऐवज छापून, वाचून बाहेर आले. क्रॅमसीसारखे सुरुवातीच्या अक्षरांतले शब्द म्हणूनच शेवटच्या अक्षरांतल्या शब्दांपेक्षा उपाशी राहिले आहेत. दुरुस्ती हे कोशाचे नित्यकर्म आहे, आणि नित्यकर्माला एकरकमी देणगी पुरत नाही.

आता सर्वांत बोचरा आक्षेप. क्रॅमसी हा राजवाड्यातला, फ्रेंचांकडून उसना आणलेला, मखमल परवडणाऱ्यांचा शब्द. ग्लासगोच्या वस्तीत किंवा अॅबर्डीनशायरच्या शेतावर आज जे स्कॉट्स बोलतात त्यांचे या शब्दाशी काय देणेघेणे? लोकभाषेच्या नावाने मिळालेला पैसा दरबारी शब्दांच्या थडग्यांवर का घालवायचा? या आक्षेपात वर्गाचा राग आहे आणि त्याला मी नाव ठेवणार नाही. पण शब्दांची मालकी अशी कायमची ठरलेली नसते. लँगम नावाच्या, लोकरीच्या गिरण्यांच्या गावात १८९२ मध्ये जन्मलेला पोस्टमनचा मुलगा ख्रिस्तोफर ग्रीव्ह पुढे ह्यू मॅकडायर्मिड या नावाने स्कॉट्सचा विसाव्या शतकातला सर्वांत मोठा कवी झाला. त्याने १९२५ मध्ये छापलेल्या एका छोट्या कवितेत मंगळाला क्रॅमसी नेसवली, शुक्राला हिरव्या रेशमाचा झगा घातला, आणि या नटलेल्या ग्रहांच्या पलीकडे मळलेल्या तोंडाच्या, रडक्या पोरीसारखी पृथ्वी उभी केली, जिच्याकडे कोणी पाहत नाही. राजाच्या अंगावरचा रंग त्याने त्या दुर्लक्षित पोरीच्या बाजूने वापरला. हे शब्द त्याला घरातून आले तसेच जेमिसनच्या कोशातूनही आले; तो कोश पिंजून काढत असे हे त्याने कधी लपवले नाही, आणि त्यावरून त्याची टवाळीही पुष्कळ झाली. कोश नसता तर गिरणीच्या गावातल्या मुलाला राजवाड्याची चावी कोठून मिळाली असती? ज्याच्या घरात ग्रंथ आहेत, ज्याला हस्तलिखितशाळेत प्रवेश आहे, त्याचे कोशावाचून अडत नाही. अडते ते इतरांचे.

या सगळ्यात मला सर्वाधिक खटकणारी गोष्ट कापडाचीच आहे. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने २००८ मध्ये टार्टनच्या, म्हणजे त्या चौकटींच्या लोकरी कापडाच्या, नोंदवहीसाठी खास कायदा केला. २००९ पासून ती नोंदवही सरकारी दप्तरखान्यात चालते. कायद्याने नेमलेला राखणदार तिला आहे. कोणीही शुल्क भरून आपल्या घराण्याचे, कंपनीचे, फुटबॉल क्लबचे टार्टन त्यात नोंदवू शकतो, आणि प्रत्येक नोंदीत कोणत्या रंगाचे किती धागे हे सांगितलेले असते. चांगली गोष्ट आहे. टार्टन पर्यटक आणते, पैसा आणते, हेही मान्य. पण परवा जन्मलेल्या क्लबच्या कापडातल्या तांबड्या धाग्यांची मोजणी जपायला राज्य कायद्याने बांधलेले, आणि पाचशे वर्षांपूर्वी त्याच राज्याचे कारकून तांबड्याच्या ज्या छटा नावानिशी वेगळ्या करत होते त्यांचा अर्थ जपायला मात्र एक धर्मादाय संस्था, जी मिळेल त्या अनुदानावर आणि देणग्यांवर चालते! धाग्यांची नोंद सार्वजनिक जबाबदारी ठरू शकते, तर शब्दांची का ठरू नये, याचे उत्तर मला तरी सापडलेले नाही.

शाळांचा दावा मात्र मी हलका लेखणार नाही. ज्या मुलाला वर्गात आपली बोली बोलल्याबद्दल अजूनही दुरुस्त केले जाते त्याच्यापुढे ‘आधी कोश’ असे म्हणणे उद्धटपणा होईल, आणि एका वर्षाच्या एका रकमेत दोघांपैकी एकच निवडायचे असेल तर मीही शाळाच निवडीन. पण ही निवड खोटी आहे. मुलांचे पुस्तक लिहायला बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो शुद्धलेखनाचा आणि शब्दाच्या प्रदेशाचा, आणि त्याची उत्तरे त्याच कोशात आहेत. शिवाय खर्चाचा आकारच वेगळा आहे. शाळांना दरवर्षी लाखो पौंड लागतील. कोशाला मूठभर संपादक आणि एक नीट राखलेले संकेतस्थळ पुरते. इतक्या लहान रकमेवर दरवर्षी अर्ज करायला लावणे म्हणजे संपादकाचे निम्मे वर्ष अर्ज लिहिण्यात घालवणे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठीच्या घडणीवर टिपण जोडणारा जॉन विल्सन स्कॉटलंडच्या लॉडर गावचा होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आणि दर्जा मिळाल्यावर काय, हा प्रश्न आपल्यापुढेही तसाच आहे. दाते-कर्वे यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळातला. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मधला, अर्थांसाठी मराठीहून इंग्रजीकडे जाणारा. शिलालेखांपासून आजपर्यंत प्रत्येक अर्थाला तारखेसह दाखला देणारा सलग मराठी कोश मात्र आपल्याकडे नाही. पेशवाईतल्या हिशेबांत किरमिजी, गुलेनार, कुसुंबी, अबाशाई असे रंग येतात. त्यांतला किरमिजी लाखेचा की कोचिनीलचा, हे विचारायला आपल्याला दार कोणते? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक कोश चालू आहे, त्यामुळे असे काम किती पिढ्या खाते आणि किती सावकाश चालते, हे निदान पुणेकरांना नव्याने सांगायला नको.

स्कॉटलंडपुरती माझी मागणी साधी आहे. नव्या कायद्यानुसार मंत्र्यांना स्कॉट्सच्या वाढीचे धोरण तयार करायचे आहे. त्या धोरणात कोशासाठी निदान दहा वर्षांची, महागाईबरोबर वाढणारी तरतूद हवी. तीत जुन्या नोंदींच्या दुरुस्तीचे काम नावाने घातलेले हवे. आणि राष्ट्रीय संग्रहालये, दप्तरखाना यांनी आपले नवे वाचन कोशाकडे पाठवण्याची रीत पाडायला हवी. सरकारी पैसा आला की सरकारी हात येतो, उद्या एखादा मंत्री अमुक शब्द ‘खरा स्कॉट्स’ नाही म्हणून काढायला लावील, अशी भीती काही भाषाप्रेमींनाच वाटते, आणि राष्ट्रवादाच्या चढउतारांत ती अगदीच निराधार नाही. तिच्यावरचा तोडगा स्कॉटलंडलाच ठाऊक आहे. तेथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाला १९२५ पासून कायद्याचा आधार आणि सरकारी पैसा दोन्ही आहेत, आणि कोणते पुस्तक फडताळात ठेवायचे हे तेथे मंत्री ठरवत नाही, विश्वस्त मंडळ आणि ग्रंथपाल ठरवतात. कोशाच्या संपादकाला तेवढेच अंतर आणि तेवढीच शाश्वती मिळाली तर पुरे.